विषय: अमेरिकेचा इतिहास मुलांना कोणत्या पुस्तकांतून वाचायला द्यावा?

सप्रेम नमस्कार,

आमची मुलगी पाचवीत असून तिच्या वर्गात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा भाग सुरू झाला आहे. आम्हां दोघांचे शिक्षण सांगलीत झाल्यामुळे पेशवाई आम्ही झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. परंतु बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात का टाकल्या, या तिच्या प्रश्नाला नीट उत्तर देता आले नाही. वाचनालयातून आणलेला जाडजूड सचित्र कोश तिने दोन दिवसांत बाजूला ठेवला. ज्यांची मुले या वयातून पुढे गेली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक नवीन सभासद

*

ताई, नमस्कार.

कोश बाजूला पडला याचे वाईट वाटून घेऊ नका. एवढा मोठा कालखंड एका पुस्तकात कोंबला की त्यातल्या कोणाशीच नीट ओळख होत नाही. एकाच घटनेच्या किंवा व्यक्तीच्या मुळाशी जाणारे पुस्तक मुलांना धरून ठेवते, असा माझा अनुभव आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात ९७३ या क्रमांकाखाली अमेरिकेचा इतिहास सापडेल. चरित्रांचे कपाट बहुधा वेगळे असते.

चहाच्या प्रश्नाचा धागा तर तुमच्या पेशवाईपर्यंत पोहोचतो. १६ डिसेंबर १७७३ रोजी पाण्यात टाकलेल्या ३४२ पेट्या आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. कर्जात बुडालेल्या कंपनीला सावरण्यासाठी ब्रिटिश संसदेने तिला अमेरिकेतील वसाहतींत थेट चहा विकण्याची सवलत दिली. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. पण ज्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता, तिने लादलेला कर त्यावर कायम होता आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदाही बुडणार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पुढे राघोबादादा याच कंपनीच्या आश्रयाला गेले. स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्याने शस्त्रे ठेवली, तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, हे कळल्यावर माझ्या मुलाने दोन्हीकडचे सन एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढले होते.

पुस्तकांपैकी जिम मर्फी यांचे ‘ॲन अमेरिकन प्लेग’ आमच्या घरी सर्वांत अधिक वाचले गेले. १७९३ साली, फिलाडेल्फिया राजधानी असताना, तेथे पीतज्वराची साथ आली. हा रोग डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना शक्य झाले ते शहर सोडून गेले आणि रुग्णांच्या सेवेला कृष्णवर्णीय रहिवासी पुढे आले. नंतर त्यांच्यातील काहींवर पैसे उकळल्याचा आरोप झाला, तेव्हा ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी स्वतःची पुस्तिका छापून त्याला उत्तर दिले. एकाच घटनेविषयी दोन लेखी साक्षी समोर आल्या की कोणावर विश्वास ठेवायचा, हे मुले आपणहून विचारू लागतात. रसेल फ्रीडमन यांचे लिंकन यांच्यावरील छायाचित्रमय चरित्रही अवश्य आणा आणि अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीचा व युद्धाअखेरचा लिंकन यांचा चेहरा तिला शेजारी ठेवून पाहू द्या.

विकत घेण्यापूर्वी पुस्तकाची शेवटची पाने उघडून पाहावीत. संवाद कोठून घेतले, याचा तेथे उल्लेख नसेल, तर ते बहुधा लेखकाने रचलेले असतात.

आपला,
एक जुना सभासद

*

नमस्कार.

वरील पत्रात एका गोष्टीची भर घालते. वॉशिंग्टन यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हे आमच्या मुलीला नवव्या वर्षी एका पुस्तकातून समजले आणि ती फार अस्वस्थ झाली. तो विषय मोठेपणासाठी राखून ठेवावा, असे मला वाटत नाही. मात्र त्या वेळी आपण शेजारी बसलेले असावे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. ती अर्पणपत्रिका मी तिला मराठीतून वाचून दाखवली, तेव्हा पुण्यातल्या माणसाला हे कसे कळले, असे तिने विचारले. त्याचे उत्तर आम्ही दोघी अजून शोधत आहोत.

आपली,
एक सभासद