मदत हवी आहे: सँडर्स यांची आरोग्य योजना आणि आमच्या घरचा हिशेब

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत असतो. नागरिकत्व गेल्या वर्षीच मिळालं, त्यामुळे पुढच्या मंगळवारची (३ मार्च २०२०) प्रायमरी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हे आमचं पहिलंच मतदान. डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांपैकी नवरा म्हणतो सँडर्स, मी म्हणते बायडन, आणि दोघांचं कारण एकच: दवाखान्याचा खर्च. शेवटी कागद-पेन घेऊन बसले आणि अडकले.

विमा नवऱ्याच्या कंपनीचा. पगारातून महिना ५४० डॉलर कापतात, म्हणजे वर्षाला ६,४८०. शिवाय ३,००० डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम. धाकट्याला दमा आहे, त्यामुळे वर्षाचे पहिले काही महिने बिलं आपल्याच खिशातून जाणार हे ठरलेलं.

सँडर्स यांच्या विधेयकात चार वर्षांत सगळे मेडिकेअरखाली (आज मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेला सरकारी विमा) येतात. हप्ता नाही, डिडक्टिबल नाही, दात-डोळेसुद्धा त्यातच. औषधांना फार तर वर्षाला २०० डॉलर. पैसा उभा करायचे जे पर्याय त्यांनी मांडलेत, त्यात चौघांच्या कुटुंबाचे पहिले २९,००० सोडून उरलेल्या उत्पन्नावर ४ टक्के कर आहे. आमच्या १,२०,०००वर ३,६४० होतात. हे तर आत्ताच्या हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास! मग मेख कुठे आहे?

कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता गेल्या वर्षी २०,५७६ डॉलर होता. त्यातले सुमारे ६,००० कामगाराचे, बाकी कंपनीचे. ते कंपनीचे पैसे पगारात येतील की गडप होतील? लास वेगासच्या हॉटेल कामगारांची युनियन याच भीतीने सँडर्स यांच्या योजनेवर उखडली होती. (तरी शनिवारी लास वेगास ज्या राज्यात आहे ते नेवाडा सँडर्स यांनीच जिंकलं, हे नवरा दिवसातून तीनदा ऐकवतो.)

बायडन यांच्या योजनेत कंपनीचा विमा राहतो आणि शेजारी सरकारी पर्याय येतो. स्वतः विमा घेणाऱ्यांचा हप्ता उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर जाणार नाही म्हणतात. नवऱ्याला नोकरी सोडून धंदा करायचाय, विम्यापायीच थांबलाय. मग आम्हाला बायडनच बरे ना? आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणारे सासू-सासरे यातल्या कशात बसतात का?

प्रतिसाद १
ताई, हिशेब बरोबर आहे, पण ते ४ टक्के पर्यायांच्या यादीतले आहेत, विधेयकात कर लिहिलेलाच नाही. त्याच यादीत कंपन्यांवर ७.५ टक्के कर आहे, म्हणजे कंपनीचे पैसे सगळे काही सुटत नाहीत. उरतील ते पगारात घालायची सक्ती मला तरी दिसली नाही. आणि विरोधकांची अडवणूक मोडायला सिनेटमध्ये लागणारी ६० मतं कुठून आणणार?

सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा चालूच ठेवा. विधेयक रहिवाशांसाठी आहे, नुसत्या उपचारांसाठी येणाऱ्यांना रोखायची तरतूदही त्यात आहे.

प्रतिसाद २
धंदा करायचा असेल तर दोन्हीकडे फायदाच आहे. आधी मतपत्रिका उघडून बघा! नोंदणी करताना कुठलाच पक्ष निवडला नसेल तर टपालाने आलेल्या पत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची नावंच नसतात.

धागाकर्ती
बघितली. खरंच नाहीत! आठवडाभर भांडलो ते कशावर? व्होट सेंटरवर (मतदान केंद्रावर) बदलून मिळेल का?

प्रतिसाद २
मिळेल. कोरी पत्रिका सोबत न्या आणि डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर, म्हणजे पक्ष न निवडलेल्यांना मिळणारी डेमोक्रॅटिक उमेदवारांची पत्रिका, मागा. दोघांच्याही न्या.