पोर्ट ब्लेअर ते अगत्ती, खरा वेळ किती धरू?

मदत हवी आहे. फेब्रुवारीत अंदमान उरकून तसंच लक्षद्वीपला जायचंय, म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या सावरकर विमानतळावरून अगत्ती. सरळ रेघ मारली तर साधारण 2,240 किमी येतं आणि अंतर काढणाऱ्या साइटी बिनधास्त तीन तास सांगतात, पण डायरेक्ट विमानच नाहीये ना! आधी चेन्नई, मग कोची, मग तिथून छोटं एटीआर (पंख्याचं विमान), कारण अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटर. परमिटचं झालंय, बोट नको, सोबत आई आहे आणि तिचे गुडघे. तिकिटं वेगवेगळी पडतायत, म्हणजे दरवेळी बॅगा उचलून परत चेक-इन. कुणी केलंय का असं? एका दिवसात जमतं की कोचीत मुक्काम करावाच लागतो, आणि तिथे दोन विमानांत किती तास सोडू?