छाती दाबायला शिकवून काय होतंय?

निपाणीकर: हृदय थांबलेल्या माणसाला वाचवायचं म्हणून कॉलेजात पोरांना बाहुलीची छाती दाबायला शिकवालेत, फोटो काढालेत. त्या पैशात खानापूर तालुक्यात १०८च्या चार गाड्या वाढवा की! शिकलेलं सहा महिन्यांत विसरतात.

मास्तर_खानापूर: हे वाचून रात्रभर झोप नाही. हृदय थांबल्यावर छाती दाबली नाही तर मिनिटामागे जगायची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. आमगावच्या वाटेवर पावसात गाडी कधी पोचायची? आमच्या घरी गणपतीची आरती चालू असताना बाबा कोसळले. अंगणात तीस माणसं. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडात पाणी ओतलं. छातीवर हात कुणीच ठेवला नाही. मीही नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, एवढंच शिकायचं होतं. तोंडानं श्वास द्यायचा संकोच वाटतो म्हणून भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सामान्य माणसासाठी नुसती छाती दाबायची पद्धत बसवली, तीही आपल्याकडं पोचली नाही.

निपाणीकर: बाबांचं वाईट झालं. पण शिकवतात कुठल्या भाषेत? माझ्या वहिनी आशा कार्यकर्त्या. दिवसभर कानडीत शिबिर, सही करून परत.

सीमावासी: मुद्द्याचं बोललात! १९५६ पासून हेच सोसतोय. आईला धाप लागली, १०८ला फोन केला, पलीकडून कानडी. घराची खूण सांगेपर्यंत तिचे ओठ निळे पडले.

मास्तर_खानापूर: सगळ्या गोष्टी सीमाप्रश्नावर नेऊ नका.

सीमावासी: तुमची आई नव्हती ती!

सिस्टर_बेळगाव: भांडण थांबवा. मी मराठीच, वीस वर्षं कानडीत ड्युटी करते. घोणस चावलेला पोरगा आणला होता, दंडाला सुतळी करकचून बांधलेली, दोन तास मांत्रिकाकडं गेलेले. विषानं रक्त गोठायचं थांबलंय का बघायला काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं असतं, ते आमच्यातल्या नव्या मुलीला माहीत नव्हतं. तिनं पाच मिनिटांनीच नळी हलवून बघितली. परत रक्त घेतलं, परत वीस मिनिटं. ते गोठलंच नाही, तेव्हा कुठं सर्पविषावरचं औषध चढलं. गाडी वेळेवर आली होती, निपाणीकर. कमी पडलं ते शिक्षण. आपत्कालीन वैद्यकाच्या एम.डी.ला मान्यताच २००९ मध्ये मिळाली, मग खालच्यांना कोण शिकवणार? पण सीमावासी, भाषेचं तुमचं खरं आहे. त्या शिबिरात मीही काही शब्द अंदाजानंच घेतले होते.

निपाणीकर: बरं, शिकवा. पण दर वर्षी, आणि मराठीत कागद द्या. गाड्यांची मागणी मी सोडत नाही.

सिस्टर_बेळगाव: कागद मी लिहिते, शुद्धलेखन मास्तर बघतील. खाली १०८ला सांगायचं कानडीही घालते, 'आंब्युलन्स बेकु, बेग बन्नी', म्हणजे गाडी हवी, लवकर या.

सीमावासी: घाला. आईकडून मीच पाठ करून घेतो. पण वरचं मराठी ठळक हवं.