तापाचं सिरप पाजून मुलांना शाळेत पाठवणं थांबवायला हवं

तिसरीची आई: मुलीच्या वर्गात सध्या कांजिण्या फिरताहेत. वर्गात ज्या मुलाला त्या सगळ्यात आधी झाल्या, त्याला अंगावर पुरळ असताना त्याच्या आईने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाठवलं होतं. मधल्या सुट्टीत हात धुताना त्याने बाह्या वर केल्या, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. तोवर तो दोन तास तिघांच्या बाकावर मधे बसलेला होता. त्याच मजल्यावरच्या एक शिक्षिका गरोदर आहेत, आणि गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो.
ताप, पुरळ, उलट्या-जुलाब, यातलं काहीही असेल तर मूल घरी ठेवा आणि खरं कारण शाळेला कळवा. 'पाहुणे आले होते' असं लिहून पाठवू नका. शाळा कितीही चांगली असली तरी हे काम पालकांशिवाय होत नाही.

दुसऱ्या पाळीवाला: घरी ठेवा म्हणणं सोपं आहे. मी एमआयडीसीत कंत्राटी कामगार, बायको दोन घरी स्वयंपाक करते. खाडा झाला की पैसे गेले, आणि सारखे खाडे झाले तर कामच जातं. आई-वडील गावाकडे. पाळणाघरवाल्या ताई तापाचं मूल घेत नाहीत. सहा वर्षांच्या पोराला कुलूप लावून घरात ठेवू का? तो शाळेत असला तर निदान चार माणसांच्या नजरेसमोर असतो.

वर्गशिक्षिका: भाऊ, तुमची अडचण खरी आहे. पण वर्गात काय होतं तेही ऐका. सिरपचा असर साधारण चार ते सहा तास. सकाळी सहाला पाजलेलं असतं, साडेअकराच्या सुमारास मूल बाकावर डोकं टेकतं. अंग भाजत असतं. आमच्याकडे आजारी मुलाला झोपवायला खोली नाही, मग शिक्षकांच्या खोलीत दोन बाक जोडून चादर टाकते. आईचा फोन बंद, वडिलांचा नंबर बदललेला. तिकडे वर्गात पन्नास मुलं. सकाळी काय औषध दिलं ते मुलाला सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरही विचारात पडतात. निदान दप्तरात चिठ्ठी तरी टाका: काय दिलं, किती वाजता दिलं, आणि चालू असलेला एक नंबर.

वॉर्डातली सिस्टर: मी बालरोग विभागात काम करते. तिसरीच्या आईने सुरुवातीला जे लिहिलं, त्यातला रोख मला पटला नाही. कांजिण्या पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. गोवर तर पुरळाच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे त्या मुलाच्या आईने बाह्यांनी पुरळ झाकलं नसतं तरी मुलगा आदल्या दिवशी वर्गात होताच. हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड सुकल्यावरही विष्ठेतून विषाणू काही आठवडे जात राहतो. तेवढे आठवडे कुणाला घरी बसवणार? नुसतं घरी ठेवल्याने साथ थांबत नाही. एका आईला गुन्हेगार ठरवून तर नाहीच.

तिसरीची आई: सिस्टर, तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच कळवणं जास्त महत्त्वाचं. ज्यांनी कांजिण्यांची लस घेतलेली नाही त्यांना संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत ती दिली तर उपयोग होतो ना? ही लस सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांना दिलेलीच नसते. आम्हाला कळलं तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. त्या दिवशी खरं कळलं असतं तर निदान डॉक्टरांना विचारता आलं असतं. राग याचा आहे.

वॉर्डातली सिस्टर: हो, उपयोग होतो. गोवराच्या लशीला तर ७२ तासच मिळतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली. कळवण्याबद्दल माझा वाद नाही.

दोन मुलांचा बाबा: पालकांवरच सगळं ढकलू नका. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस स्नेहसंमेलनात कोण देतं? चुकलेली चाचणी परत न घेणारे कोण? चार दिवसांनी परत आलं की 'फिटनेस'ची चिठ्ठी आणा, म्हणजे पुन्हा डॉक्टरांची फी. लपवायला शाळाच शिकवते.

वर्गशिक्षिका: बक्षिसाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. ते बंद व्हायला हवं.

नाव नको: कळवा म्हणता, पण आमचा अनुभव वाईट आहे. मुलीच्या डोक्यात उवा झाल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचं नाव. व्हॅनमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. पुढच्या वेळी मी कळवेन असं वाटतं का तुम्हाला?

शाळा समिती सदस्य: आमची जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे असे विषय बैठकीत घेता येतात. आम्ही ठरवलं: आजार फक्त वर्गशिक्षकांना कळवायचा. गटावर 'दुसरीत गालगुंडाचा एक रुग्ण' एवढंच, नाव नाही. चुकलेली चाचणी परत घ्यायची. लोक सांगायला लागले. तरी एक गोष्ट सुटलेली नाही. आमच्या काही मुलांचं दुपारचं पोटभर जेवण शाळेतच होतं. तापातही ती त्यासाठी येतात, आणि मला त्यांना परत पाठवताना जड जातं. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो, तिथे निदान नावाचा आणि चाचणीचा नियम करून घ्या.

तिसरीची आई: हे दोन्ही मुद्दे पुढच्या सभेत मांडते. उवांचं वाचून वाईट वाटलं, असं व्हायला नको होतं. दुसऱ्या पाळीवाले, शाळेने आजारी मुलांसाठी एक खोली आणि एक मदतनीस ठेवली तर चालेल?

दुसऱ्या पाळीवाला: चालेल. फोन आला की तासाभरात कुणीतरी पोहोचू, तेवढं जमवता येईल. कळवणार, चिठ्ठीही देणार. पण ताप आहे म्हणून गेटवरूनच परत, असा नियम केलात तर मी विरोधात हात वर करणार.