पुण्यात पाहुणे म्हणून आलात तेव्हा कुठे उतरलात? (अनुभव धागा)

कर्वेनगरकर

डिसेंबरात जळगावहून मामा-मामी, त्यांची लेक, जावई आणि दोन नातवंडं चार दिवस पुणं बघायला येतायत. आमचा वन बीएचके. हॉलमध्ये गाद्या घातल्या की रात्री बाथरूमला जाताना कुणाचा ना कुणाचा पाय तुडवला जातोच, हे मागच्या दिवाळीत सगळ्यांचं बघून झालंय. म्हणून या वेळी मामांनीच ठरवलं, लॉजवर उतरायचं. वर म्हणाले, "तू पुण्यातलाच, तूच सांग कुठे."

इथे माझी गोची झाली. वीस वर्षं पुण्यात राहतोय, पण पुण्यात एकदाही लॉजवर राहिलेलो नाही. लॉजचं गरम पाणी किती वाजता बंद होतं, खालच्या गल्लीत पहाटे टेम्पो कधी लागतात, हे पुणेकराला कुठून कळणार? ते तुम्हालाच माहीत.

तर बाहेरगावच्या मंडळींनो, लिहा. कुठल्या भागात उतरलात, का उतरलात, काय चुकलं, पुन्हा तिथेच उतराल का. लॉजचं नाव नको, नाहीतर जाहिराती सुरू होतात. आमच्या मंडळींच्या यादीत शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, सिंहगड आणि एक दिवस आळंदी आहे. मामींचा उजवा गुडघा दुखतो. नातवंडांना फक्त मेट्रोत बसायचंय.

चिपळूणची गाडी

आम्ही तिघी मैत्रिणी, मागच्या फेब्रुवारीत. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका गल्लीत उतरलो होतो. एसटी स्वारगेटला पहाटे सव्वापाचला लागली. मोठ्या हॉटेलांत दुपारी बारापर्यंत खोली देत नाहीत, आमच्या लॉजला चोवीस तासांचा हिशेब होता, म्हणजे साडेपाचला आलात की दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत खोली तुमची. पहाटे अंथरूण मिळालं, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं तेव्हा या हिशेबाची दुसरी बाजू कळली. "राहताय की सोडताय?" राहिलो, आणखी एका दिवसाचे पैसे भरून.

खोली दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना इतका उभा की बॅग पुढच्या पायरीवर ठेवायची आणि मग आपण चढायचं. कठड्याच्या जागी जाड दोर, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मैत्रिणीने 'भटकणे' लिहिलं, तर काउंटरवरच्या काकांनी काही न बोलता ते खोडून 'खासगी काम' केलं. भिंतीवर पाटी : 'गरम पाणी ६ ते ८.३०. नंतर मागू नये.' आम्ही ८.३५ ला मागून बघितलं. मागू नये हे खरं आहे.

पण पुन्हा तिथेच उतरेन. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, सगळं पायी झालं. दोन दिवसांत एकदाही रिक्षा केली नाही. शनिवारवाडा मात्र सकाळीच उरका. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, आत उरलेत ते चौथरे आणि कारंजी, म्हणजे सावली म्हणून नाही.

कर्वेनगरकर

लाकडी जिना म्हणजे मामी बाद. पेठेत पहिल्या मजल्यावर किंवा लिफ्टवाली खोली कुणी पाहिलीय का?

संत्रा बर्फी

आम्ही स्टेशनजवळ थांबलो होतो बाप्पा. नागपूरहून रात्रभराची गाडी, लेकरं पेंगून राहिली होती, म्हटलं जे पहिलं दिसेल त्यात शिरायचं. खोली ठीक, लिफ्ट होती, जेवण बाहेर कुठेही मिळते. पण रात्री बारा वाजताही खाली रिक्षावाल्यांचा "कुठे जायचं, कुठे जायचं" चालूच.

फायदा एकच, पण मोठा. पुणे स्टेशनहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, तिथून कसबा पेठ आणि मंडई, की तुम्ही थेट पेठेत. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन जमिनीखाली तेहतीसेक मीटर. सरकते जिने संपतच नाहीत. माझ्या पोराला शनिवारवाडा आठवत नाही, ते जिने आठवते. तुमच्या नातवंडांचं काम तिथेच होऊन जाईल.

कसब्यातला जुना भाडेकरू

वरच्या माहितीत भर. मंडई स्टेशनला लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी तीच शोधावी. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला, त्यामुळे त्याआधीचे 'पेठेत उतरू नका, रिक्षा मिळत नाही' छापाचे सल्ले आता जुने झाले. आणि जळगावहून एसटीने येणार असाल तर शिवाजीनगरचं स्टँड आता जुन्या जागी नाही, २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेलं. 'शिवाजीनगर स्टँडपासून दोन मिनिटं' असं अजून सांगणारी लॉज आहेत. त्यांना विचारा, कुठल्या स्टँडपासून?

लातूरची आई

मी फिरायला आले नव्हते. मुलगा एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार कॉट, प्रत्येकाखाली एक पेटी. त्याला कावीळ झाली म्हणून आठ दिवस जवळच लॉज घेऊन राहिले. खोली इतकी अरुंद की खिडकी उघडली तर दार पूर्ण उघडायचं नाही. पण खाली उतरलं की दहा पावलांवर खानावळ, दहा पावलांवर औषधाचं दुकान, आणि मालकीणबाईंनी पोरासाठी बिनतेलाची मुगाची खिचडी रोज वेगळी टाकून दिली, जादा पैसे घेतले नाहीत.

रात्री अकराला झोप येईना म्हणून खाली आले, तर समोरच्या अभ्यासिकेच्या जिन्यावर चपलाच चपला. पन्नास-साठ जोड असतील. सगळ्या खेड्यापाड्यातल्या लेकरांच्या. माझ्या लेकराची चप्पल त्यात नव्हती म्हणून रडू आलं.

तुमच्या पाहुण्यांना ही पेठ चालेल, स्वस्त आहे, जेवणाची ददात नाही. गाडी आणणार असतील तर मात्र आणू नका म्हणावं. सम-विषम तारखांचं पार्किंग माझ्या भावाला आठ दिवसांत कळलं नाही, आणि दंडाच्या पावत्या दोन.

अनंत चतुर्दशीचा बळी

कराडहून आम्ही सहा जण. डोकं लढवलं, विसर्जन मिरवणूक बघायचीच तर लक्ष्मी रोडवरच, गॅलरी असलेली खोली घ्यायची. तीन महिने आधी सांगून ठेवली, नेहमीच्या चौपट भाडं दिलं. गॅलरीतून मानाचे पाचही गणपती बघितले. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. डोळ्यांचं पारणं फिटलं, खोटं नाही बोलत.

त्यानंतर काय? त्यानंतर बाकीची मंडळं. रात्री दोनला टेबलावरचा स्टीलचा पेला कंप पावत पावत कडेला गेला आणि खाली पडला. आम्ही सहा जण त्या पेल्याकडे बघत बसलो होतो, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मिरवणूक चालूच. गाडी मागच्या बोळात, बोळाच्या तोंडाला कठडे. आमच्यातल्या एकाला सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. तो चालत नदी ओलांडून डेक्कनला गेला आणि तिथून मिळेल त्या गाडीने गेला.

पुढच्या वर्षी शहाणे झालो. खोली डेक्कनपलीकडे एरंडवण्यात घेतली. चालत यायचं, पोटभर बघायचं, चालत परत जायचं, खिडकी लावून झोपायचं. आणि गणपतीत येणार असाल तर आणखी एक. आधीचे दीड-दोन महिने नदीकाठाला ढोलपथकांचा सराव असतो, रोज संध्याकाळी. नदीकडची खोली 'शांत' म्हणून विकत असतील तर महिना विचारून घ्या.

नदीपात्र

नदीचा विषय निघालाच आहे तर. जुलैत डेक्कनजवळ उतरलो, लॉजला पार्किंग नाही, मालक म्हणाले सगळे खाली पात्रात लावतात. लावली. रात्री खडकवासल्यातून पाणी सोडलं. सकाळी भिडे पुलाचे फक्त कठडे दिसत होते. गाडीचा विमा होता. एवढंच लिहितो.

दादर टीटी

आमचं दरवर्षीचं ठरलेलं, डिसेंबरात सवाई गंधर्व. पूर्वी रमणबागेत असायचा तेव्हा शनिवार पेठेत उतरायचो, आता मुकुंदनगरला होतो म्हणून स्वारगेटच्या बाजूला. रात्री मैफल संपल्यावर हजारो माणसं एकदम रिक्षा शोधतात, तेव्हा पायी पोचता येईल अशी खोली असणं म्हणजे काय सुख, ते पायीच कळतं.

मुंबईकरांना एक सांगणं. हे पठारावरचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. डिसेंबरात दुपारी हाफ शर्टात फिराल आणि रात्री दात वाजतील. पहिल्या वर्षी लॉजवर एकच चादर होती, आणखी एक मागितली तर पोऱ्या म्हणाला, "मुंबईचे का?" त्यानंतर दरवर्षी घरची गोधडी बॅगेत घालून नेतो. बायको हसते, पण अर्धी तीच ओढते.

शंका आहे

दादर टीटी, पुणे हे थंड हवेचे ठिकाण नव्हे. महाबळेश्वर आहे.

दादर टीटी

मी कुठे म्हटलं? तरी सांगतो, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळा काढायला पुण्यालाच यायचे. गणेशखिंडीतला त्यांचा बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. ते चादर मागत होते की नाही, माहीत नाही.

पत्त्यात पुणे

आमची चूक सगळ्यांनी वाचा. ॲपवर 'पुणे' टाकलं, स्वस्तात पोहण्याच्या तलावासकट खोली दिसली, फोटो झकास, बुक केली. जागा हिंजवडीच्या पलीकडे. पत्त्यात पुणे होतं, खोटं काहीच नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला तुळशीबागेतून निघालो, आयटीची सुटायची वेळ, खोलीवर पोचलो आठ वाजता. मुलं गाडीतच झोपली. तीन दिवसांत तलावात एकदाही उतरलो नाही, कारण सकाळी सातच्या आत निघायचं आणि रात्री परतायचं.

आता खोली बघताना मी एकच विचारतो, मंडई मेट्रोपर्यंत यायला किती वेळ लागेल, आणि तोही संध्याकाळी सहाला. किलोमीटर विचारतच नाही. देहूला जायचं असतं, किंवा मुलाची परीक्षा त्याच भागात असती, तर तीच खोली सोयीची होती.

अकरा दिवस

वडिलांना ॲडमिट केलं होतं, तेव्हा उतरायला हॉटेल शोधत बसू नका. हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, तिथल्या बाईंना विचारा, आसपासच्या धर्मशाळा आणि ट्रस्टच्या खोल्या त्यांना माहीत असतात. मला हे सहाव्या दिवशी कळलं. पाच दिवस मी बाकावर काढले होते.

बार्शीची दिंडी

आमाला उतरायचं ठिकाण शोधावं लागत न्हाई. पालखी पुण्यात दोन मुक्काम करती. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आमची दिंडी भवानी पेठेतल्या एका घरी. आजा त्याच घरी उतरायचा, बाप उतरायचा, आता मी. घर पाडून इमारत झाली तवा वाटलं, झालं, संपलं. तर मालकांनी खालचं सगळं पार्किंग रिकामं करून, धुऊन, सतरंज्या टाकून ठिवलेल्या. गाड्या दोन दिवस रस्त्यावर. म्हातारी आजी लिफ्टनं खाली येऊन पाया पडली, मग आमी तिच्या पडलो.

तुमच्या मामीला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढवू नका, येवढं मात्र ऐका.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. मामांना सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. पेल्याच्या गोष्टीवर ते इतके हसले की मामींनी फोन काढून घेतला. ठरलं ते असं : मंडई मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. काल संध्याकाळी मुद्दाम सहा वाजता स्वतः जाऊन बघून आलो. गरम पाणी दिवसभर, तीन चादरी जादा. पर्वतीला मामी खाली रसवंतीत बसतील. सिंहगडाला वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे मडक्यातलं दही त्यांना चुकणार नाही.

आगाऊ पैसे भरून मामांना कळवलं. ते म्हणाले, "उत्तम. म्हणजे सकाळचा चहा-नाश्ता तुझ्याकडेच ना?"

तिथून माझं घर साडेसहा किलोमीटर.