मदत हवी आहे: ब्लीकलोवर बाबांना न्यायचंय, वाट सुचवा

नमस्कार मंडळी,

मी मँचेस्टरला राहते. बाबा मे महिन्यात येतायत. वय ६८, सह्याद्रीत तीसेक वर्षं भटकलेले, आता डावा गुडघा कुरकुरतो. त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे: मँचेस्टरजवळच्या ब्लीकलो या डोंगरपठारावर १९४८ साली कोसळलेल्या बी-२९ या अमेरिकन लष्करी विमानाचे अवशेष बघायचेत. त्यातले तेराच्या तेरा जण गेले, तिथे दोन मिनिटं उभं राहायचंय म्हणतात.

म्हणून ऑक्टोबरात मी एकटीच वाट बघायला गेले. उंची ६३३ मीटर, कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून निर्धास्त होते. स्नेक पास या घाटरस्त्याच्या माथ्यावरून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट धरली. सुरुवातीला जुन्या गिरण्यांच्या फरशा टाकल्यात, तिथवर झकास. पुढे धुकं उतरलं. तिथल्या पीटमध्ये (कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती) पाण्याने घळी कोरल्यात, काही तर डोक्याहून खोल. आत उतरलं की काही दिसत नाही, वर चढलं की पुढ्यात तशीच दुसरी. आपल्याकडे चिखलाखाली कातळ लागतो, पाय कुठेतरी टेकतो. इथे हिरव्यागार मऊ शेवाळावर पाय ठेवला आणि मांडीपर्यंत आत गेले. ओढलं की बूट आतच राहायचा. शेवटी काठी आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकवून इंच इंच पाय सोडवला. मोबाइलला रेंज नाही. होकायंत्रावर दक्षिण धरून रस्त्याला लागले. विमान दिसलंच नाही.

आता विचारायचं ते हे. हर्न क्लफच्या ओढ्यावरून विमानाच्या अवशेषांजवळच्या हायर शेल्फ स्टोन्स या माथ्याकडे नेमकं कुठे वळायचं? मला तिथे एकही खूण सापडली नाही. ग्लॉसॉप गावाहून डॉक्टर्स गेट या जुन्या वाटेने वर चढलं तर दलदल कमी लागते का? चढ जास्त असला तरी चालेल, बाबा चढाला डरत नाहीत, पण रुतलेला पाय उपसताना गुडघ्याला हिसका बसेल याची मला फार धास्ती वाटते. मेमध्ये आठवडाभर पाऊस नसला तर पीट खरंच घट्ट होतं का? आणि गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घालून भागतं, की गमबूटच बरे?

साठीपुढच्या कुणाला तुम्ही तिथे नेलं असेल तर वेळ किती लागला तेही लिहा. वाटेची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर नोंदलेला मार्ग) असेल तर कृपया द्या. या भागाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा ओएल १ माझ्याकडे आहे.