पडद्यामागे आकडे बदलणारा जीएम आणि गैरहजर प्लेअरचा एक्सपी

गोदाकाठचा_डीएम

परवा आपल्या नाशिकच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ग्रुपवर ‘नव्या जीएमसाठी सल्ले’ अशी पोस्ट फिरली. जीएम किंवा डीएम म्हणजे या फाशांच्या खेळात गोष्ट आणि शत्रू चालवणारा; बाकीचे प्लेअर एकेक कॅरॅक्टर खेळतात. सल्ले चार. फासे कायम स्क्रीनमागे (जीएमसमोरच्या उभ्या आडोशामागे) टाका आणि गोष्टीला सोयीचा आकडा सांगा. प्लेअरचं कॅरॅक्टर कधीही मरू देऊ नका. नॅट १, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर नुसता १, आला की हत्यार हातातून पडलंच पाहिजे. सेशन चुकवणाऱ्याला अर्धाच एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण. खाली अंगठ्यांची रांग. नवीन मुलं हेच वाचून टेबल चालवायला बसणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे. आकडा तुम्हीच ठरवणार असाल तर क्लेरिकनं, म्हणजे जखमा भरणाऱ्या पुजाऱ्यानं, मंत्राचा शेवटचा स्लॉट राखून ठेवला काय आणि उडवला काय, फरक शून्य. रोगनं (म्हणजे चोरट्यानं) अर्धा तास डोकं लावून भिंतीवरून जायची वाट शोधली, तीही वाया. प्लेअरच्या निर्णयाला किंमत येते ती त्याचा परिणाम खरा असतो म्हणून. मृत्यू नको असेल तर सरळ सांगा की आमच्या टेबलावर शून्य हिट पॉइंट (अंगात उरलेला जीव) म्हणजे कैद, किंवा कायमची जखम, किंवा हातची वस्तू गेली. हा प्रामाणिक नियम झाला. लपवून आकडा बदलणं हा नियमच नाही.

मी प्लेअर म्हणून एका टेबलावर होतो. ओगरशी मारामारी चालली होती, आमचा फायटर शेवटच्या तीन हिट पॉइंटांवर. जीएम म्हणाला, ‘चुकला!’ आम्ही ओरडलो, टाळ्या दिल्या. तेवढ्यात फोन घ्यायला तो उठला आणि स्क्रीन कलंडली. फाशावर १८ होता, म्हणजे ओगरचा घाव बसला होता. कोणी काही बोललं नाही, पण घरी जाताना प्रत्येकजण मागच्या लढाया आठवत होता. मग ट्रोल आम्ही मारला होता का? पूल आम्ही वाचवला होता का? पुढं ते कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी ती गोष्ट, टिकलं नाही.

नॅट १ चं गणित तर कोणीही करून बघावं. पाचव्या लेव्हलच्या फायटरला दोन अटॅक, अकराव्या लेव्हलला तीन. एका टर्नमध्ये निदान एक नॅट १ यायची शक्यता पाचव्या लेव्हलला जवळपास १० टक्के, अकराव्याला १४ टक्क्यांच्या वर. म्हणजे माणूस तलवारीत जितका मुरेल तितक्या वेळा त्याच्या हातून तलवार पडणार! आणि विझार्ड फायरबॉल टाकतो तेव्हा तो अटॅकचा फासा टाकतच नाही, सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, समोरच्यानं टाकायचा असतो. हा नियम फक्त हत्यारवाल्यांना शिक्षा करतो.

कॉलेजरोड_बार्ड

दादा, तुमच्या टेबलावर सगळे मुरलेले खेळाडू आहेत. मी दर सुट्टीत शाळेतल्या मुलांना खेळवते. पहिल्या लेव्हलची विझार्ड, आठ हिट पॉइंट. पहिल्याच लढाईत गॉब्लिनच्या बाणाचा क्रिट, म्हणजे फाशावर २० आणि डॅमेजचे फासे दुप्पट. २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक दोन, सरासरी नऊ. ज्या मुलीनं आठवडाभर बसून त्या विझार्डचं चित्र काढलं होतं, तिला मी सांगायचं की तुझा खेळ संपला? एका दुसऱ्या जीएमनं असंच केलं होतं, उघड्यावर फासा टाकून. ती मुलगी पुन्हा टेबलाकडे फिरकली नाही. मी स्क्रीनमागे साधा हिट सांगितला असता आणि मला त्याची जराही खंत वाटली नसती.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्पष्ट मुभा आहे. लागोपाठ दोन क्रिटनी कॅरॅक्टर मरत असेल तर दुसरा साधा हिट करा, नाहीतर चुकलाच म्हणा. पुस्तक वाचून बोला.

गोदाकाठचा_डीएम

वाचूनच बोलतोय, ताई. त्याच परिच्छेदात पुढं आहे की हे फार वेळा करू नका आणि प्लेअरना कळू देऊ नका, नाहीतर त्यांना धोका खरा वाटणार नाही किंवा तुम्ही कोणाची बाजू घेताय असं वाटेल. जे कळलं की टेबल मोडतं, ते चांगला सल्ला म्हणून नव्या मुलांना कसं द्यायचं?

दुसरं, ती विझार्ड मेली नसती. शून्यावर जाऊन खाली पडली असती. त्या बाणाचं जास्तीत जास्त डॅमेज १४. जागच्या जागी मरायला आठ हिट पॉइंटवालीला १६ लागतं. मग डेथ सेव्ह (खाली पडलेल्यानं जगण्यासाठी टाकायचा फासा), प्रत्येक रोलला १० किंवा वर, म्हणजे ५५ टक्के. आणि बाजूचा क्लेरिक धावत आला की उभी. सगळं टेबल श्वास रोखून तिच्याकडे बघत असतं, तो क्षण तुम्ही तिच्याकडून काढून घेताय.

कॉलेजरोड_बार्ड

दहा वर्षांच्या मुलीला ५५ टक्के समजावत बसा तुम्ही. ती तोवर रडायला लागलेली असते. टेबल चालवताना समोरचा चेहरा बघायचा असतो.

निफाडचा_रेंजर

तुमचे फासे उघडे ठेवा नाहीतर झाका, भो. चौथ्या सल्ल्यावर कोणीच का बोलत नाही? गैरहजर प्लेअरला अर्धा एक्सपी. मी असल्याच नियमापायी एक टेबल सोडलंय, म्हणून मी बोलणार.

आमची द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी. डिसेंबरात पारा उतरला की रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसायचं, नाहीतर मणी तडकतात. व्यापारी बागेत कोणत्या दिवशी येईल ते तो ठरवतो. त्याला काय सांगू, थांब जरा, लढाईत माझी पाळी, माझा इनिशिएटिव्ह आलाय? पावसाळ्यात मी एकही सेशन चुकवत नाही, तीस-पस्तीस किलोमीटर गाडी मारत कॉलेज रोडला येतो. तरी हंगाम संपवून टेबलावर बसलो तर बाकी सगळे पाचव्या लेव्हलला आणि माझा रेंजर तिसऱ्यावर, कारण तिथला जीएम अर्धाही देत नव्हता. सगळ्यांचे दोन अटॅक झाले, मी एकच बाण सोडतोय. समोरून फायरबॉल आला, ८डी६, सरासरी २८. त्यांचा फायटर काळवंडून उभा राहिला, मी जमिनीवर. सगळी लढाई डेथ सेव्ह टाकत काढली. ही शिक्षा कशाची? शेती करण्याची?

सातपूरचा_पॅलाडिन

शिक्षा नाही. जो येतो त्याला मिळतं, इतकंच. मी थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येतो, अंघोळ करतो आणि न झोपता टेबलावर बसतो. बायको बोलते, तरी येतो. आमच्या टेबलावर दोघं असे होते की ‘येतो येतो’ म्हणून रविवारी सकाळी फोन बंद. पाचजण ताटकळत. कॅफेवाला दर तासाला ऑर्डर विचारतो. अर्ध्या एक्सपीचा नियम लावला आणि ते दोघं वेळेवर यायला लागले. मी स्वतः बघितलंय.

आणि नुकसान म्हणताय ते बघा. पाचव्या लेव्हलला ६,५०० एक्सपी लागतो. तू एकही सेशन न येता सगळा अर्धाच घेतलास तरी ३,२५० होतो, म्हणजे चौथी लेव्हल, तिला २,७०० पुरतात. एका लेव्हलचा फरक. त्यावरून एवढं बोलायचं?

निफाडचा_रेंजर

पुढचं गणित का सोडलं? सातव्याला २३,००० लागतात. अर्धे ११,५००. सहाव्याला १४,००० लागतात, म्हणजे मी अजून पाचव्यावरच. दोन लेव्हल मागे. कॅम्पेन जसं पुढं जाईल तसं अंतर वाढणार.

आणि ते दोघं फोन बंद करून झोपणारे आणि मी, एकाच मापानं मोजणार का? तुझी शिफ्ट तुला आठवडाभर आधी भिंतीवर लावलेली दिसते. थंडी मला यादी लावून सांगत नाही.

सातपूरचा_पॅलाडिन

शिफ्ट भिंतीवर दिसते म्हणतोस? कधी कारखान्यात उभा राहिलायस का? रिलीव्हर आला नाही की डबल मारावी लागते, तेही सुटायच्या वेळेला कळतं. माझ्या कष्टाला सोपं म्हणू नकोस.

आणि नियमाचंच म्हणशील तर त्याच २०१४ च्या गाइडात आहे की एक्सपी साधारणपणे भाग घेणाऱ्यालाच, जो आला नाही त्याच्या कॅरॅक्टरला काहीच नाही. दोन-तीन लेव्हलच्या फरकानं कोणाचा खेळ बिघडत नाही, असंही आहे. मी निदान अर्धा देतोय.

इंदिरानगरची_ड्रुइड

पॅलाडिनदादा, त्याच्या पुढचंही सांगा की. हवं तर गैरहजर कॅरॅक्टरला बाकीच्यांइतकाच एक्सपी द्या, घरी बसूनही मिळतो म्हणून मुद्दाम खेळ बुडवणारे फार थोडे असतात, असं तिथंच लिहिलंय. आपल्याला पटेल तेवढंच वाक्य उचलायचं हे दोन्ही बाजूंनी चाललंय. वर फाशांच्या वादातही तेच झालं.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा एक्सपी मुख्यतः खजिना बाहेर काढल्याचा मिळायचा, राक्षस मारल्याचा त्या मानानं कमी. कॅरॅक्टरनं काय केलं त्याचा मोबदला होता तो. त्यातून प्लेअरची हजेरी घ्यायची हे मला कधीच पटलं नाही. मी एक्सपी मोजणंच बंद केलंय. गड घेतला, सगळ्यांची लेव्हल वाढली. आलेले, न आलेले, सगळे.

सातपूरचा_पॅलाडिन

मग येण्याचं कारणच काय उरलं?

इंदिरानगरची_ड्रुइड

खेळ. खेळायला येतात लोक. एक्सपी कापायची भीती घालून कोणाला बसवावं लागत असेल तर आधी सेशन सुधारा.

सातपूरचा_पॅलाडिन

हे लागलं. माझं सेशन न बघता असं बोलायला नको होतं ताई तुम्ही. मी जागरण करून नकाशे काढतो.

पंचवटी_रोग

एक मधेच. सगळे हाऊस रूल, म्हणजे टेबलानं स्वतः केलेले नियम, वाईट असल्यासारखं चाललंय. जखम भरणारं पोशन पिणं बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधल्या मुख्य अ‍ॅक्शनशिवायची झटपट कृती), हा हाऊस रूल किती टेबलांवर वर्षानुवर्षं चालला. २०१४ च्या नियमात पूर्ण अ‍ॅक्शन जायची आणि मिळायचं काय, २डी४ अधिक दोन, सरासरी सात. कोण पिणार? २०२४ च्या पुस्तकात तोच अधिकृत झाला. हाऊस रूल चांगला की वाईट हे टेबलावरच कळतं.

रामशेज_रोल

मूळ मुद्द्यावर येतो. आमचं कॅम्पेन रामशेजच्या वेढ्यावर बेतलंय. १६८२ पासून पुढं काही वर्षं मुघलांना दाद न देणारा गड, दिंडोरी रस्त्यावरून जाताना आपण सगळेच बघतो. त्यात जादू आहे, राक्षस आहेत, पण पहिल्याच दिवशी ठरलं की सगळे फासे टेबलाच्या मधोमध पडतील. दरवाजा सांभाळणारा आमचा फायटर दुसऱ्या हल्ल्यात गेला. तिसरा डेथ सेव्ह त्यानं स्वतःच्या हातानं टाकला, सगळ्यांनी बघितला. पुढच्या सेशनला बाकीच्यांनी आपण होऊन तट उभारायला दगड वाहिले, रसद मोजली, रात्रीचे पहारे लावले. त्याआधी रसदेचं नावही कोणी काढलं नव्हतं. गड पडू शकतो हे खरं वाटलं म्हणून ते झालं. मी आतून वाचवणार होतो असा संशय जरी असता, तर कोणी पहारा लावला नसता.

कॉलेजरोड_बार्ड

हे मान्य करते. वेढ्याचं कॅम्पेन, मोठी माणसं, आधी ठरलेलं, तिथं उघडे फासेच हवेत. पण शाळेतल्या मुलांच्या टेबलावर माझी स्क्रीन राहणार. फार तर पहिल्या दोन लेव्हलना ‘कोणी मरत नाही’ असं सुरुवातीलाच सांगून टाकीन, म्हणजे मला आकडा बदलावाच लागणार नाही. हे तुम्हीच वर लिहिलंय म्हणून नाही, मुलांना सोपं जाईल म्हणून.

गोदाकाठचा_डीएम

कशासाठीही करा, करा म्हणजे झालं. मग स्क्रीन नकाशे झाकायला खुशाल ठेवा.

नॅट १ वर मात्र अजून एकानंही बाजू मांडलेली नाही. ज्यांनी त्या पोस्टला अंगठे दिले ते कुठं आहेत?

पंचवटी_रोग

मी दिला होता. आमच्याकडे टर्नमधल्या पहिल्याच अटॅकला नॅट १ मोजतो, त्यामुळे फायटर आणि रोग सारखे होतात. आणि स्पेल अटॅक चुकला तर विझार्डलाही भोगावं लागतं.

गोदाकाठचा_डीएम

फायरबॉलला?

पंचवटी_रोग

फायरबॉलला नाही. तिथं तुमचं बरोबर आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही.

सातपूरचा_पॅलाडिन

निफाडकर, रात्री विचार केला. आदल्या रात्रीपर्यंत कळवलं तर पूर्ण एक्सपी, कारण विचारणार नाही. न कळवता दांडी मारली तर अर्धा. याच्या पुढं मी सरकणार नाही, आणि मागच्या हंगामाचा कापलेला परतही देणार नाही, तो माझ्या टेबलावर कापलेला नाही.

निफाडचा_रेंजर

आदली रात्र चालेल. पहाटे पारा उतरला तर पहाटे फोन करीन, तोही धरायचा. पण माझं कॅरॅक्टर त्या दिवशी कोण चालवणार ते आधी लिहून ठेवा. त्या जुन्या टेबलावर मी नसलो की माझ्या रेंजरला प्रत्येक दारात पुढं घालायचे, सापळा असला तर त्याच्यावर उडावा म्हणून.

सातपूरचा_पॅलाडिन

पहाटेचा फोन धरतो, मी तेव्हा कामावरून सुटतच असतो. कॅरॅक्टर मी कोणाच्या हातात देत नाही, तो छावणीवर घोडे सांभाळेल.

निफाडचा_रेंजर

आणि छावणीवर हल्ला झाला तर?

सातपूरचा_पॅलाडिन

तू नसताना छावणीवर हल्ला होणार नाही. हे नियमात घालतो.